सल्ला: समलिंगी नात्यावरचा मराठी चित्रपट वाचनालयाच्या सभागृहात दाखवायचा आहे

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाचं चित्रपट मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सभागृहात एक चित्रपट दाखवतो. साठ-सत्तर माणसं येतात. त्यात निवृत्त शिक्षक, गृहिणी, कॉलेजची मुलं, दुकानदार असे सगळे असतात. या वेळी मी ‘साबर बोंडं’ सुचवला. समितीतल्या सात जणांपैकी पाच तयार आहेत, दोघांचा विरोध आहे. ते म्हणतात, हॉलमध्ये हशा होईल आणि पालक तक्रार करतील. दाखवायचाच असेल तर डॉक्टर आणि वकील बोलावून परिसंवाद ठेवा, अशी सूचना आली आहे. आणखी एक विचारायचं आहे. आमच्या सभासदांमध्ये एक तरुण आहे, त्याच्याबद्दल गावात कुजबुज चालते. चित्रपटानंतर त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं तर त्याला आधार वाटेल का? (कार्यवाह, चित्रपट मंडळ)

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची सगळी तयारी त्यावर ठरते. त्या तरुणाला काहीही विचारू नका. सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊनही नको. ‘या शनिवारी तू नक्की ये हं’ असा खास निरोपसुद्धा नको. तुमच्या मनात माया आहे हे पत्रातून कळतं. पण तुम्ही विचारलं की त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागेल, आणि ते कधी, कुणाला सांगायचं हे ठरवण्याचा हक्क फक्त त्याचा आहे. कदाचित कुजबुज खोटीही असेल. शिवाय त्या साठ-सत्तर माणसांत असेही असतील ज्यांच्याबद्दल कुणी कधीच कुजबुजलं नाही. वीस वर्षांपूर्वी लग्न लावून दिलेला एखादा गृहस्थ असेल. नातवानं मागच्या दिवाळीत काही सांगितलं आणि तेव्हापासून झोप उडालेली एखादी आजी असेल. कार्यक्रमाची प्रत्येक गोष्ट ठरवताना एवढंच तपासा, की यामुळे सभागृहात गप्प बसलेल्या कुणाला स्वतःबद्दल काही उघड करावं लागतंय का? लागत असेल तर ती गोष्ट बदला.

चित्रपटाची निवड उत्तम आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो, आणि तिथे बालपणीचा ओळखीचा बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोघांच्याही मागे लग्नाचा लकडा लागलेला आहे. गोष्ट एवढीच आहे. पण पुरस्काराचं नाव पुढे करून समितीला गप्प करू नका. हा चित्रपट वेगळा का आहे ते सांगा, कारण विरोध करणाऱ्या दोघांनाही ते पटण्यासारखं आहे.

आपल्याकडच्या पडद्यावर समलिंगी माणूस बराच काळ एकतर चेष्टेसाठी आला किंवा शेवटी मरण्यासाठी. गंभीर चित्रपट आले तेही बहुतेक शहरातले, इंग्रजी बोलणाऱ्या फ्लॅटमधले, आणि त्यांचा सगळा ताण ‘घरच्यांना कळलं तर?’ या एका प्रश्नावर उभा असायचा. इथे आईला मुलाचं आधीपासून माहीत आहे. त्यामुळे गौप्यस्फोटाचा प्रसंग चित्रपटाला लागतच नाही आणि जागा उरते ती रोजच्या गोष्टींना: भावकीचे प्रश्न, अनवाणी चालणं, शेरडांमागे हिंडणं, दोन माणसांनी एकमेकांच्या जवळ बसणं. ही माणसं आणि त्यांची बोली तुमच्या प्रेक्षकांच्या ओळखीची आहे. ‘हे बाहेरून आलेलं खूळ आहे’ हा आक्षेप त्यामुळे चित्रपट सुरू होऊन अर्धा तास होईपर्यंत बराच मावळतो, त्यासाठी भाषण करावं लागत नाही.

कुणी त्याऐवजी ‘अलीगढ’ सुचवेल. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस यांना ते समलिंगी असल्यावरून २०१० मध्ये निलंबित करण्यात आलं होतं. त्यांच्यावरचा हा चित्रपट चांगला आहे आणि मराठी वाचकाला जवळचाही आहे. पण तो मृत्यूवर संपतो. या विषयावरचा गावातला पहिलाच चित्रपट तसा असू नये, असं आमचं ठाम मत आहे. गप्प बसलेल्या तरुणाच्या मनात आधीच तोच शेवट घोळत असतो. तो दुसऱ्या वर्षी दाखवा.

आता समितीची भीती. ती हवेतून आलेली नाही. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ या चित्रपटाच्या खेळांवर हल्ले झाले, चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला गेला, आणि १९९९ मध्ये नव्या काटछाटीशिवाय परत आला. ते ज्यांना आठवतं त्यांना हसू नका. त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली, भारतात प्रदर्शित झालेल्या चित्रपटाला सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र असतं. त्याची प्रत निर्मात्याकडून मागून फाईलला लावा आणि त्यावर जो वयोगट आहे तो काटेकोर पाळा. पालकांच्या तक्रारीवर याहून सरळ उत्तर नाही. दुसरी, १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे, की प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाला निदर्शनांची धमकी आली म्हणून सरकारला हात वर करता येत नाहीत. प्रदर्शनाला संरक्षण देणं ही सरकारची जबाबदारी आहे. तरीही गावात कुरबुर जाणवली तर पोलीस ठाण्यात चार ओळींचं माहितीपत्र आधीच देऊन पोच घ्या: तारीख, वेळ, सभासदांसाठी कार्यक्रम, प्रमाणपत्राची प्रत सोबत. ऐनवेळी फोन करण्यापेक्षा ते बरं. कार्यक्रम बंद सभागृहातच घ्या. उघड्यावर पडदा लावला की रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी येते, आणि रस्त्यावरून जाणारा कुणीही मधलाच प्रसंग बघून मत बनवतो.

डॉक्टर आणि वकिलांना मंचावर बोलावू नका. ही सूचना सद्भावनेनं आली असेल, पण तिचा परिणाम उलटा होतो. प्रेमकथा संपते, दिवे लागतात आणि समोर डॉक्टर बसलेले दिसतात. प्रेक्षक त्याचा अर्थ एकच काढतो, की आपण आत्ता पाहिलं ते दुखणं होतं. वकील दिसले की तो गुन्हा होता. बाकीचे अकरा महिने तुम्ही चित्रपटानंतर चहा घेऊन गप्पा मारत असाल तर याही महिन्यात तेच करा. वैद्यकीय आणि कायदेशीर प्रश्न येतील, त्यांची उत्तरं पुढे देतो. ती द्यायला पदवी लागत नाही.

परवानगीचं काम मात्र आजच सुरू करा. घरचं ओटीटी सदस्यत्व खाजगी वापरासाठी असतं. त्यावरून साठ जणांना दाखवणं हे अटींचं आणि कॉपीराइट कायद्याचं उल्लंघन आहे, तिकीट नसलं तरी. कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण ती विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढ्याच प्रेक्षकांपुरती. सार्वजनिक वाचनालय त्यात बसत नाही. म्हणून निर्मात्याला किंवा वितरकाला ईमेल करा आणि त्यात सगळं एकदाच लिहा: संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तारीख, सभागृहाची आसनक्षमता, प्रवेश विनामूल्य की सशुल्क, प्रेक्षक फक्त सभासद की खुले, एक मुख्य खेळ आणि त्याआधी समितीसाठी तपासणीचा एक खेळ, आणि तुमच्याकडचं यंत्र. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. चित्रपटगृहांसाठीची प्रत डीसीपी स्वरूपात असते, ती लॅपटॉपवर साधेपणानं चालत नाही. तुम्हाला १०८० पी दर्जाची, एच.२६४ मधली एमपी४ फाईल हवी, असं स्पष्ट मागा. नुसती इंटरनेटवरची लिंक दिली तर डाउनलोडची परवानगी मागा, कारण शनिवारी संध्याकाळी तालुक्याच्या गावातलं इंटरनेट कधी रुसेल सांगता येत नाही. मानधन किती ते विचारा आणि छोटी संस्था आहे हे मोकळेपणानं सांगा. परवानगी लेखी आली की मगच तारीख जाहीर करा.

फाईल मिळाल्यावर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, सभागृहातल्याच यंत्रावर, किमान दोन दिवस आधी चालवून बघा. पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानू नका. अर्धवट उतरलेली फाईल सुरुवातीला नीटच चालते आणि तासाभरानं अडकते.

सूचनाफलकावर काय लिहायचं, यावर समितीत वाद होईल. विषय लपवून नुसतं ‘पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपट’ लिहिलं, तर काहींना फसवल्यासारखं वाटतं आणि तो राग सभागृहात बाहेर पडतो. उलट मथळ्यातच ‘समलैंगिकतेवरील चित्रपट’ असं ठळक छापलं, तर ज्याला सर्वात जास्त बघायचा आहे तोच येऊ शकत नाही, कारण येताना कुणी पाहिलं तर? मधला रस्ता असा. मथळ्यात नेहमीप्रमाणे चित्रपटाचं नाव आणि दिग्दर्शक. खाली दोन ओळींच्या कथासारात सरळ शब्दांत: ‘वडिलांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि गावातला बाळ्या या दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट.’ त्याखाली प्रमाणपत्राचा वयोगट. बस. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोण कोण येणार?’ म्हणून हात वर करायला लावू नका, मतदानही टाकू नका. दारावर सही घेण्याची पद्धत असेल तर या वेळी फक्त डोकी मोजा. आणि चित्रपट नेहमीच्याच दुसऱ्या शनिवारी ठेवा. खास दिवस, खास कार्यक्रम केला की ‘तू का गेला होतास?’ हा प्रश्न तयार होतो. नेहमीच्या शनिवारी गेलेल्या माणसाला उत्तर शोधावं लागत नाही.

सभागृहाच्या मांडणीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण याच चित्रपटाचा खेळ खराब व्हायची शक्यता जास्त आहे. त्याला पार्श्वसंगीत नाही. स्थिर, लांब दृश्यं आहेत, माणसं हळू बोलतात आणि बराच वेळ बोलतच नाहीत. गाण्यांच्या चित्रपटात पंख्यांची घरघर लपते, इथे ती सगळं गिळून टाकते. ऐकू आलं नाही की लोक शेजारच्याला विचारतात, कुजबुज वाढते, आणि मग जवळिकीच्या प्रसंगात तीच कुजबुज हशा होऊन बाहेर पडते. हशा रोखायची निम्मी तयारी आवाजाची आहे, हे समितीतल्या त्या दोघांना आवर्जून सांगा.

भाषणासाठी भिंतीवर उंच लावलेले ध्वनिक्षेपक वापरू नका. त्यांतून आवाज मोठा येतो, शब्द कळत नाहीत. दोन चांगले स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर, स्टँडवर ठेवा आणि थोडे आत वळवा. सभागृहाला फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज घुमतो. मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा सतरंज्या टांगल्या की लगेच फरक पडतो. मग पंखे चालू ठेवून शेवटच्या रांगेत तिघांना बसवा आणि हळू बोललेला एखादा प्रसंग लावा. शब्द निसटत असतील तर आधी स्पीकरची जागा बदला, आवाज नंतर वाढवा. पडद्याजवळचे पंखे बंद, मागचे मंद, अशी जोडी साधारण जमते. जनरेटर असेल तर तो लांब आणि भिंतीआड.

चित्रासाठी अंधार सर्वात महत्त्वाचा. उन्हाळ्यात सात-सव्वासातपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळ त्याप्रमाणे ठरवा किंवा खिडक्यांना आतून काळं कापड लावा. बाहेर पडायच्या दारावरचा दिवा मात्र झाकू नका. दहा फूट रुंद पडद्याला ३००० ते ३५०० एएनएसआय ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. भाड्यानं घेताना ‘एएनएसआय’ (उजेडाचं प्रमाणित माप) हा शब्द विचारा. स्वस्त यंत्रांवर नुसते ‘ल्युमेन’ लिहून फुगवलेला आकडा छापलेला असतो. दीडच्या थ्रो रेशोचा (अंतर भागिले चित्राची रुंदी) प्रोजेक्टर दहा फुटी चित्रासाठी पडद्यापासून पंधरा फुटांवर आणि बरोबर मध्यभागी लागतो. बाजूला ठेवून कीस्टोननं चित्र सरळ केलं तर ते मऊ पडतं. रंगाची निवड ‘सिनेमा’वर ठेवा, ‘डायनॅमिक’ किंवा ‘ब्राइट’वर कातडीचा रंग हिरवट होतो, आणि या चित्रपटात चेहरे फार वेळ समोर असतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर खाली येणारी सबटायटल्स पुढच्यांच्या डोक्यांनी झाकली जातात. सबटायटल्स असतील तर राहू द्या. ज्येष्ठांपैकी ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना ती लागतात.

लॅपटॉपवरचे सगळे संदेश, व्हॉट्सॲप वेब आणि झोपी जाण्याची सोय बंद करा. एचडीएमआय तार दहा मीटरच्या आत ठेवा, लांब साधी तार मध्येच चित्र घालवते. वीज जाते तिथे प्रोजेक्टरला यूपीएस जोडा. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की तापलेला दिवा खराब होऊ शकतो. यूपीएसमुळे तो रीतसर थंड करून बंद करण्याइतका वेळ मिळतो.

खुर्च्यांच्या दोन्ही बाजूंना वाट ठेवा. कुणाला मध्येच उठून जावंसं वाटलं तर बारा जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागू नये. शेवटची रांग मोकळी सोडा, उशिरा येणारे आणि लवकर जाणारे तिथे बसतील. बटणांच्या फळीजवळ समितीतलं एक माणूस सतत उभं ठेवा, म्हणजे मध्येच कुणी उत्साहानं दिवे लावणार नाही. पुढच्या दोन रांगांत नेहमीच्या जाणत्या प्रेक्षकांना बसवा. हसण्याची सुरुवात बहुधा पुढून किंवा एखाद्या घोळक्यातून होते, आणि समोर गंभीरपणे बघणारी माणसं दिसली की ती विरते.

प्रास्ताविक दोन मिनिटांचं. त्यात चित्रपट जवळपास ११२ मिनिटांचा आहे, संथ आहे, दोन पुरुषांमधल्या जवळिकीचे प्रसंग आहेत, फोन बंद ठेवा आणि आज छायाचित्रं काढायची नाहीत, एवढंच सांगा. ‘आपण मोकळ्या मनानं बघू या’, ‘समाज बदलतोय’ वगैरे नको. मन मोकळं ठेवा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी सहन करायचं आहे.

तरीही हशा झाला तर? बहुतेकदा तो अवघडलेपणाचा असतो, काही सेकंदांत थांबतो. ‘शूऽऽ’ करू नका, चित्रपट तर मुळीच थांबवू नका. थांबवला की सगळ्यांचं लक्ष पडद्यावरून हसणाऱ्यांकडे जातं आणि त्याच वेळी गप्प बसलेल्या माणसाला वाटतं की आता सगळे चेहरे न्याहाळतायत. कुणी मोठ्यानं शिवी दिली, तर बटणांजवळच्या माणसानं शांतपणे त्याच्याजवळ जाऊन बाहेर बोलावून घ्यावं, वाद बाहेर व्हावा. शेवटी नामावली पूर्ण जाऊ द्या आणि ती संपेपर्यंत दिवे लावू नका. डोळे पुसायला अंधार लागतो.

मग दिवे निम्मे, दहा मिनिटं चहा, आणि ज्यांना निघायचं त्यांनी निघावं असं सहज सांगणं. चर्चा चाळीस मिनिटांच्या पुढे नको. ती चालवणाऱ्यानं चित्रपट आधी पाहिलेला असावा. त्याला भाषणाची हौस नसावी, हेही बघा. सुरुवातीला एकच नियम सांगायचा: बोलायचं ते पडद्यावरच्या माणसांबद्दल, गावातल्या किंवा सभागृहातल्या कुणाहीबद्दल नाही. पहिला प्रश्न ‘तुम्हाला समलिंगी लोकांबद्दल काय वाटतं?’ असा विचारलात तर पाच मिनिटांत दोन गट पडतील. त्याऐवजी ‘कुठला प्रसंग लक्षात राहिला?’ विचारा. लोक आईबद्दल बोलतील, सुतकाबद्दल बोलतील, भावकीच्या खोचक प्रश्नांवर तर भरभरून बोलतील, कारण लग्न, नोकरी, मूल यावरचे तसले प्रश्न प्रत्येकानं झेललेले असतात. कुणीतरी नक्की म्हणेल, ‘एवढी समजूतदार आई खरी वाटत नाही.’ खोडून काढू नका. तिनं मुलाला स्वीकारलंय, पण नातेवाइकांसमोर तिला काय काय सांभाळावं लागतं ते कुणाला दिसलं का, असं विचारा. चर्चा तिथून खोल जाते. आनंदची भूमिका करणारे भूषण मनोज, बाळ्या झालेले सूरज सुमन आणि आईच्या भूमिकेतल्या जयश्री जगताप यांच्या कामाबद्दलही बोला. समलिंगी पात्रांचं काम चांगलं झालंय का, हा प्रश्न इतर कुठल्याही चित्रपटाइतकाच रास्त आहे.

अवघड प्रश्नांसाठी चिठ्ठ्या ठेवा. प्रत्येक खुर्चीवर आधीच एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल असावी, आणि चहाला जाताना प्रत्येकानं ती डब्यात टाकावी, लिहिलेली असो वा कोरी. फक्त लिहिणाऱ्यांनीच टाकायची असं ठेवलं तर डब्यापर्यंत जाणारा माणूस सगळ्यांना दिसतो. चिठ्ठ्या एकाच व्यक्तीनं वाचाव्यात आणि त्याच रात्री फाडून टाकाव्यात. छोट्या गावात अक्षर ओळखतात.

जे प्रश्न बहुतेक येतील त्यांची उत्तरं तयार ठेवा. ‘हा आजार आहे का?’ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या वर्गीकरणातून काढून टाकली. ‘उपचारानं बदलतं का?’ नाही. तसे उपचार करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं. म्हणजे कुणी डॉक्टर ‘बरं करून देतो’ म्हणत असेल तर त्याच्याविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. ‘कायदा काय म्हणतो?’ ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या ३७७ व्या कलमाच्या गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला आणि तो प्रश्न कायदेमंडळावर सोडला. म्हणून दोघांनी एकत्र राहणं गुन्हा नाही, पण नवरा-बायकोला मिळणारे वारसा वगैरे हक्क त्यांना आपोआप मिळत नाहीत. मालमत्तेसाठी मृत्युपत्र करावं लागतं.

‘लग्न लावून दिलं तर सुधारेल’ हे वाक्य चिठ्ठीत नाही आलं तर चहाच्या टेबलावर येईलच. इथे सौम्य राहू नका. अशा लग्नात एक मुलगी येते. तिला खरं काय ते सांगितलेलं नसतं, आणि नवऱ्याच्या अंतराचं कारण ती वर्षानुवर्षं स्वतःत शोधते. मुलगा बदलत नाही, फक्त फसवणाऱ्यांत त्यालाही ओढलं जातं. बाळ्याच्या घरचे त्याला ज्या दिशेनं ढकलतायत ती हीच. सभागृहातल्या गृहिणींना हा मुद्दा सर्वात लवकर कळतो, म्हणून त्यांना बोलू द्या.

‘मुलं हे बघून तशी होतील’ यावर लांब उत्तर नको. समलिंगी माणसं आयुष्यभर स्त्री-पुरुष प्रेमाचेच चित्रपट बघत वाढली, त्यांच्यात त्यानं काही बदललं नाही, एवढं पुरे.

मदतीची माहिती हातानं वाटू नका. घेणाऱ्याचा हात सगळ्यांना दिसतो. चिठ्ठीबरोबरच प्रत्येक खुर्चीवर महिन्याच्या कार्यक्रमाचं पत्रक ठेवा. पुढच्या बाजूला पुढच्या चित्रपटाचं नाव, मागे लहान अक्षरात: केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य, चोवीस तासांची मानसिक आरोग्य सेवा, क्रमांक १४४१६, आणि समलिंगी माणसांसाठी काम करणारी मुंबईची हमसफर ट्रस्ट. पत्रक सगळेच घरी नेतात, त्यामुळे कुणाच्या खिशात ते सापडलं तरी त्याचा वेगळा अर्थ निघत नाही. संस्थांचे फोन क्रमांक छापण्याआधी एकदा स्वतः लावून बघा, जुने क्रमांक फार फिरत असतात. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही एक प्रत चिकटवा.

स्थानिक वार्ताहर येतील. त्यांना छापील टिपण द्या, प्रेक्षकांची छायाचित्रं घेऊ देऊ नका. मंडळाच्या फेसबुक पानावर या वेळी फक्त चित्रपटाचं पोस्टर टाका.

विरोध करणाऱ्या त्या दोघांना वगळू नका. परवानगी मिळाली की समितीच्या सातही जणांसाठी आधी एक खेळ करा, निर्मात्याच्या संमतीपत्रात तो तपासणीचा खेळ म्हणून नमूद करून घ्या. पाहिल्यानंतरही त्यांचं मत बदललं नाही तर त्यांचा विरोध इतिवृत्तात नोंदवा आणि बहुमतानं निर्णय घ्या. एक लक्षात ठेवा, हा खेळ निर्मात्याचं उत्तर आल्यावरच होऊ शकतो आणि उत्तराला तीन-चार आठवडे लागू शकतात. येत्या दुसऱ्या शनिवारी जमणार नाही. त्या दिवशी नेहमीसारखा दुसरा चित्रपट लावा आणि ईमेल याच आठवड्यात पाठवा.